साहेब-२ आणि काल्याचं कीर्तन

सप्ताहाच्या बैठकीत शहाण्या माणसाने तोंड उघडू नये. उघडावंच लागलं तर चहा आल्यावर उघडावं आणि चहा संपताच मिटावं. हायस्कुलात एकतीस वर्षं कारकुनी केली, ती मी हा एक नियम पाळून केली. पण देवळात बसलो की माझं भान सुटतं. समोर पांडुरंग असतो, बाजूला वीणा असते आणि वाटतं, आपल्यालाही काही बोलता येतं.

गावाचं नाव सांगत नाही. शहाद्याहून म्हसावदकडे जाताना लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर लोक मुद्दाम उतरून 'कॉम्प्युटरवाले आप्पा कोणते' म्हणून विचारतील. ते आताही विचारतात, पण फक्त आसपासच्या गावांतले.

प्रश्न होता काल्याच्या कीर्तनाचा. सप्ताहाचे सहा दिवस कोणीही उभं राहो, सातव्या दिवशी काल्याला सव्वीस वर्षं आमच्याकडे प्रकाशाचे रूपचंद महाराजच उभे राहिले. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आजार काढला, पण त्याबरोबर आवाजही गेला. आता महाराज गळ्यात पोरांची शाळेची पाटी अडकवून फिरतात आणि काही सांगायचं असलं की लिहून दाखवतात. एका ओवीवर दोन तास बोलणारा माणूस हल्ली दोन शब्दांत उरकतो. श्रोत्यांपैकी काहींना हे सोयीचं वाटतं, हे मला माहीत आहे. त्यांची नावंही माहीत आहेत.

बैठकीत एकाने नाशिककडच्या एका तरुण महाराजांचं नाव सुचवलं. त्यांचं कीर्तन म्हणे मोबाईलमध्ये लाखो लोक बघतात. बघत असतील. मीही बघितलंय. ऐन रंगात देव गोकुळात शिरतो न शिरतो, तोच साबणाची जाहिरात शिरते. मी म्हणालो, "दुसरं कोणी कशाला? आपल्या महाराजांचं काल्याचं कीर्तन माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरमध्ये. अख्खं."

महाराज खांबाला टेकून बसले होते. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, खडू चालवला आणि पाटी वर धरली. तिच्यावर लिहिलं होतं : 'मी कधी ऐकलं नाही.'

हे खरं होतं. मी दरवर्षी त्यांच्यासमोर रेकॉर्डची पेटी घेऊन बसायचो आणि दरवर्षी विचारायचो, ऐकवू का? ते म्हणायचे, "कीर्तनकार स्वतःला ऐकायला लागला की देव उठून जातो." आता बोलणंच गेल्यावर त्यांना वाटलं असेल, एकदा ऐकावं. आपण काय होतो ते. देव तेवढ्यापुरता बसून राहील.

ठराव झाला : दुसरे महाराज नकोत. काल्याच्या दिवशी मगनआप्पांचा कॉम्प्युटर कीर्तन करील. अकरा दिवस होते.

बैठकीत एक लहानशी गोष्ट सांगायची राहून गेली. तो कॉम्प्युटर चार वर्षांपूर्वीच वारला होता. वीज पडली ती दूर कोणाच्या तरी शेतात, पण निरोप तारेवरून आमच्या घरी आला. तेव्हापासून त्याच्या डोक्यावर आमची चाळणी, दोन पाट आणि लोणच्याची बरणी सुखाने नांदत होती.

शेजारचे दलसिंगआबा वीजखात्यात वायरमन होते. निवृत्त झाले, पण सल्ला अजून नोकरीत आहे. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, आतून चपटी डबी काढली आणि कानाजवळ धरून नारळासारखी हलवली.

"बोर्ड जळेल शे," ते म्हणाले. "पन डबी चांगली शे."

"कशावरून?"

"हालाईसन पाह्यी ना. वाजत नई."

त्या डबीला हार्ड डिस्क म्हणतात आणि तिच्यात माझी पंधरा वर्षांची सगळी कीर्तनं होती. नारळ बरा हलवतात. तो देवाच्या पायाशी तरी जातो.

दुसऱ्या दिवशी डबी उपरण्यात गुंडाळून शहाद्याला माणकचंदशेठच्या दुकानी गेलो. दुकान मुळात भांड्यांचं. पुढे तांब्या-पितळेचे हंडे, आणि मागे नातवाने, म्हणजे अभिनंदनने, जुने कॉम्प्युटर मांडलेत. शेठजींचं मत आहे की कॉम्प्युटरही मोडीसारखा वजनावर विकावा. अभिनंदनचं मत आहे की आजोबांनी मागे येऊ नये.

"आप्पा, हाऊ घ्या," अभिनंदनने एक पांढरट खोकं पुढे सरकवलं. "कचेरीना लिलावमातला. एकदम कोरा."

"जुना आणि कोरा?"

"सरकारी शे ना. सरकारी कॉम्प्युटर कितला चालस? अकराले चालू, साडेअकराले चहा."

हे मला पटलं. कारकुनाला कारकुनी पटते. त्याने माझी डबी खोक्यात बसवली, चार स्क्रू पिळले आणि म्हणाला, "घर जाईसन फक्त बटन दाबा."

जगातली सगळी मोठी संकटं 'फक्त' या शब्दानंतर सुरू होतात. महाराज हे कीर्तनात सांगत नसत, पण सांगायला हवं होतं.

बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक बाई कोंबडीची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मांडीवर सपाट जागा बघितली आणि न विचारता टोपली वर ठेवली. कोंबडीने वाटेत काय केलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की कोऱ्या मालाचा कोरेपणा पुढच्याच लोणखेड्यापर्यंतही टिकला नाही.

घरी आमच्या सौ. कौसाबाई दारात आडव्या उभ्या. "दुसरानी वापरेल वस्तू शे," त्या म्हणाल्या. "आधी पूजा. मंग घरमा."

आमच्याकडे बैलगाडी आली तरी पूजा, गॅसची शेगडी आली तरी पूजा. मी भाविक माणूस आहे, मी कशाला नाही म्हणू? ताट आलं, हळदकुंकू आलं, अक्षता आल्या. सौ.नी विचारलं, "ह्याना जीव कोठे ऱ्हास?"

मला मोठं कौतुक वाटलं. इतका मूळ प्रश्न बैठकीत एकालाही सुचला नव्हता. मी झाकण काढून डबी दाखवली. त्यांनी कुंकू ओलं केलं आणि डबीला ठसठशीत टिळा लावला. मग सगळ्यांनी मिळून अक्षता टाकल्या. दलसिंगआबांनी जरा जास्तच टाकल्या. त्यांचं कोणत्याही कामात हातचं राखून नसतं.

बटण दाबलं. खोक्यातून आवाज आला : टक् टक् टक् टक्.

"बेअरिंग," दलसिंगआबा म्हणाले. थोडं ऐकून म्हणाले, "नई. अर्थिंग. आप्पा, मन्हं ऐक, अर्थिंग नई ते काहीच नई." चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक रोगाचं हेच निदान केलंय. त्यांच्या साडूला कावीळ झाली तेव्हाही.

पण आमचा जुना पडदा उजळला. अंगणात वीसेक माणसं जमली होती. पडद्यावर कोण्या कचेरीचा गोल शिक्का उमटला, खाली अक्षरं आली, 'साहेब-२', आणि त्याखाली एक लांबट रिकामी चौकट. पासवर्ड मागत होता.

लोकांनी मदत सुरू केली. कोणी म्हणालं, विठ्ठल टाका. कोणी म्हणालं, साहेब आहे, लक्ष्मी टाका. दलसिंगआबा म्हणाले, साहेबनी बायकोनं नाव टाक, आणि दुसरी असली तर तिचं. पाच वेळा टाकल्यावर साहेब-२ ने आम्हांला अर्धा तास बाहेर उभं केलं. तसं पडद्यावर चक्क लिहून आलं. एकतीस वर्षांत माझ्या हेडमास्तरांनी हे धाडस केलं नव्हतं.

अभिनंदनला फोन लावला.

"आप्पा, त्यामा कचेरीनी डबी बी शे आनि तुमनी बी शे," तो म्हणाला. "पहिले ती उठस."

"मग ती ठेवली कशाला?"

"तुमले फुकटमा दिधी."

"मग फुकटात काढून दे."

"मी आते पालिताणाले निंघेल शे, घरनासोबत. आठ रोज. तवलोंग हात नका लावजात, गॅरंटी जाई."

तो देवाला गेला होता, त्यामुळे शिवी देता येईना. मी त्याला माझाही नमस्कार सांग म्हटलं. आणि घरात दलसिंगआबा डबीकडे पुन्हा हलवायच्या नजरेने बघत होते, त्यामुळे झाकण लावून वर राखणीला सौ.ना बसवलं.

आता मार्ग एकच. ज्या कचेरीचा कॉम्प्युटर, तिथेच जाऊन पासवर्ड विचारायचा. कचेरी कोणती, ते सांगत नाही. तिथले लोक स्वभावाने चांगले आहेत, फक्त जागेवर नसतात. दोन खेपा झाल्यावर तिसऱ्या खेपेला एक गृहस्थ सापडले. मी म्हणालो, "साहेब-२ चा पासवर्ड हवा होता."

"कोणाला?"

"मला. मी त्याचा मालक आहे."

त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं. साहेबांचा मालक म्हणवणारा माणूस त्यांनी प्रथमच बघितला असावा. मग म्हणाले, "पासवर्ड आमच्या रेकॉर्डला नसतो. तो मॉनिटरवर चिठ्ठी लावून ठेवलेला असतो."

"मग मॉनिटर?"

"तो वेगळ्या लॉटमध्ये गेला."

त्यांनी रजिस्टर काढलं. मोठ्या मनाने काढलं, हे मान्य करतो, कारण मध्ये त्यांना दोनदा चहाला बोलावणं आलं होतं. सीपीयू एका लॉटमध्ये, मॉनिटर, दोन खुर्च्या आणि एक मोडकं कपाट दुसऱ्या लॉटमध्ये. घेणार : बाज्या, धानोरा. माझ्या मनात आलं, शरीर शहाद्याला आणि जीव धानोऱ्याला. देह आणि आत्मा वेगळे आहेत, हे मी कीर्तनात शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्यांचा लिलावसुद्धा वेगवेगळा होतो, हे कचेरीत कळलं.

धानोऱ्याला स्टँडसमोरच बाज्याची भज्यांची गाडी. मॉनिटर विचारायची गरज पडली नाही. तो समोरच होता. स्टोव्हच्या पश्चिमेला, वाऱ्याला आडोसा म्हणून उभा.

"चालस का हाऊ?" मी विचारलं.

"झकास चालस," बाज्या म्हणाला. "पहिले पत्रा व्हता, तो तापे. हाऊ तापत नई."

मॉनिटरच्या कोपऱ्यात खरंच एक चिठ्ठी होती. टेप लावलेली, भज्यांच्या तेलात मुरलेली, कागद पारदर्शक झालेला. मी तिला हात जोडले. बाज्याने कालथ्याच्या टोकाने ती अलगद सोडवली. मी चष्मा पुसून वाचलं : 'साहेब-२. पासवर्ड : रूथ मॅडमला विचारा.'

मी एक प्लेट भजी खाल्ली. दुसरं काय करणार? बाज्या म्हणाला, "आजून खा बाबा. तुमनं तोंड उतरी गयं." आणि दुसरी प्लेट पुढे केली.

कचेरीत फोन केला. तेच गृहस्थ भेटले, हा त्या आठवड्यातला दुसरा चमत्कार. म्हणाले, "रूथ मॅडम ना? कंत्राटावर होत्या. कंत्राट संपलं. त्या गेल्या आणि साहेब-२ उघडेनाच कोणाला. म्हणून तर लिलावात काढला."

म्हणजे मी जो कोरा माल घेतला, तो उघडत नाही म्हणूनच कोरा राहिला होता. त्यांनीच होऊन नंबर दिला.

तोवर सप्ताह बसला होता. पहाटे काकडा, दुपारी गाथा, रात्री कीर्तन, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी टाळ थांबवून विचारी, "आप्पा, लागला का?" मी म्हणे, "लागतोय." रूपचंद महाराज चौथ्या दिवशीच मुक्कामाला आले. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघून पाटीवर हात ठेवला आणि लिहिता लिहिता थांबले. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी, रविवारी, खोकं उचलून नवापूर गाठलं. रूथ मॅडम आता तिकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. त्यांचे यजमान स्टीफन मला मोटरसायकलवर घ्यायला स्टँडवर आले. मी मागे, मधे खोकं, आणि खोक्यासकट मला त्यांनी माझ्याच उपरण्याने बांधलं. डोंगराच्या रस्त्याने अर्धा तास. समोरून येणारे लोक थांबून बघत होते. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याला वाटलं असेल, दवाखान्यातून घरी नेतायत.

मॅडम प्रार्थनेहून नुकत्याच आल्या होत्या. ओट्यावर त्यांच्या सासूबाई, सुसानाबाई, तूर निवडत होत्या. मॅडमनी झाकण उघडून आत बघितलं.

"काका, यात तांदूळ आहेत."

"अक्षता आहेत त्या."

त्यांनी चिमट्याने पंख्यातून एकेक दाणा काढून सासूबाईंच्या सुपात ठेवला. टकटक तिथल्या तिथे मिटली. बेअरिंगही बरं झालं, अर्थिंगही. मग त्यांनी माझी डबी बाहेर काढली.

"आणि हे लाल?"

"कुंकू. सौ.नी लावलं."

"इथे बारीक भोक असतं, काका. त्याच्या शेजारी लिहिलंय, हे बंद करू नका. डबी इथून श्वास घेते."

हाताएवढी डबी. तिच्यावर तेवढंच एक मोहरीएवढं भोक. चाळीस वर्षं कपाळाचा मध्य साधलेला आमच्या सौ.चा हात, तो बरोबर तिथे पडला होता. जीव कुठे राहतो, हे त्यांनी विचारलं ते माझ्याकडून पडताळून घ्यायला. ठाऊक त्यांना असावंच.

मॅडमनी कापसाने कुंकू टिपून काढलं. ते वाळून पापडी धरलेलं होतं, आत उतरलं नव्हतं. मग कपाटातून वीतभर वायर आणली, एक टोक डबीला लावलं, एक त्यांच्या स्वतःच्या छोट्या कॉम्प्युटरला. डबी बारीक गुणगुणली आणि पडद्यावर माझी कीर्तनं उघडली.

मी हात जोडले. मग सावकाश एक शंका आली. "मॅडम, हे एवढंच होतं का?"

"हो. या वायरला दुसरा कॉम्प्युटर घ्यायला लागत नाही, काका. कोणाचाही चालतो."

"आणि तो पासवर्ड?"

त्या हसल्या. "साहेब दर आठवड्याला बदलायला लावायचे. शेवटचा मलाही आठवत नाही."

मी उठून खिडकीशी गेलो आणि थोडा वेळ डोंगर बघितला. डोंगर छान होता. शहादा, कचेरी, धानोरा, दोन प्लेट भजी, कोंबडी, आणि या सगळ्याच्या शेवटी वीतभर वायर.

"काका," मॅडमनी हाक मारली. "काल्याचं कीर्तन म्हणालात. यातलं कोणतं?"

पडद्यावर चारशे बारा कीर्तनं होती आणि प्रत्येकाचं नाव होतं 'श्री'.

"सगळ्यांना एकच नाव?"

"लिहायला बसलं की आधी 'श्री' काढायचं असतं," मी म्हणालो. आणि खरं सांगायचं तर, 'श्री' काढून झाल्यावर पुढे काय लिहायचं, हे दर वेळी उद्यावर जाई. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने आपल्या बुद्धीने पुढे कंसात आकडे टाकले होते. श्री एक, श्री दोन, श्री चारशे बारा. मॅडमनी तारखा बघितल्या. सगळ्यांवर एकच तारीख, कारण माझ्या रेकॉर्डच्या पेटीचं घड्याळ पहिल्या दिवसापासून बंद.

"मग ऐकूनच शोधावं लागेल," त्या म्हणाल्या. त्यांनी डोक्याला हात लावला नाही. कचेरीत कंत्राटावर काढलेली बाई, तिला अशा गोष्टींची सवय असणार.

सकाळी अकराला बसलो. प्रत्येक 'श्री'चं एक मिनिट. कुठे मृदंग लावणं चाललेलं, कुठे चप्पल हरवल्याची सूचना, कुठे महाराज. महाराजांचा आवाज आला की स्टीफनभाऊ हातातलं काम थांबवत. सुसानाबाई घरात इकडची आदिवासी कोकणी बोलतात, मराठी जेमतेम. पण एका ठिकाणी महाराजांनी नवरा-बायकोचं भांडण रंगवलं, तर सूप बाजूला ठेवून हसत बसल्या. सुनेला म्हणाल्या आणि सुनेने मला सांगितलं, "म्हणतायत, आमच्या पास्टरना इकडे शिकायला पाठवा." नागलीची भाकर झाली, माझी घरून आणलेली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर त्यांनी खाल्ली, आणि साडेचारला श्री दोनशे सत्याऐंशी लागलं. महाराजांचा खणखणीत आवाज म्हणाला, "आज काला. आज कोणी उपाशी जायचं नाही."

मॅडम म्हणाल्या, "पूर्ण ऐकून खात्री करायची?"

साडेपाचची बस होती. मी म्हणालो, "मी तिथेच होतो की, मॅडम."

त्यांनी कचेरीची डबी काढून वेगळी बांधून दिली, माझी पुढे जोडली आणि काल्याचं कीर्तन पडद्यावर अगदी समोर ठेवलं. त्याला नावही दिलं, 'काला'. मला ते जरा उघडं उघडं वाटलं. (कचेरीची डबी मी पुढे परत न्यायला गेलो. ते म्हणाले, लिलाव झालेली वस्तू परत घ्यायची तरतूद नाही. ती लोणच्याच्या बरणीखाली आहे.)

वायर पुरते असं मॅडमनी सांगितलं होतं, पण गावाने अकरा दिवस कॉम्प्युटरची वाट बघितली होती. वायर दाखवली असती तर मला त्याच वायरने बांधला असता. म्हणून सोमवारी सकाळी मांडवात, कीर्तनकार उभा राहतो त्या जागी, टेबलावर कॉम्प्युटर उभा राहिला. मागे टाळकऱ्यांची रांग, डावीकडे मृदंग, उजवीकडे वीणा. सरपंचांनी हार आणला होता. तो महाराजांना घालायचा की कॉम्प्युटरला, यावर पाच मिनिटं गेली. महाराजांनी हार घेतला आणि स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला घातला. मग दोघातिघांनी वाकून नमस्कार केला. दलसिंगआबांनी मागच्या बाजूने अर्थिंगची तार जोडून मांडवाच्या खांबाला गुंडाळली होती. खांब लाकडाचा होता.

मी बटण दाबलं.

आवाज आला, आणि मांडव हलला. अहो, तो आवाज. जो माणूस कोपऱ्यात पाटी घेऊन बसला होता, तोच टेबलावर उभा राहिल्यासारखा. टाळकऱ्यांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं आणि ठेका धरला. ध्रुवपदाला गाव उठलं. महाराज माझ्या शेजारी बसले होते. सुरुवातीला त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचे ओठ हलू लागले. आवाज एक शब्द पुढे, ओठ एक शब्द मागे. मग बरोबर. मग ओठ पुढे गेले आणि आवाज मागून यायला लागला. पुढे मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं.

देव पेंद्याच्या शिदोरीपाशी आला. महाराजांनी आवाज अगदी खाली आणला, इतका की मांडवातल्या बायकांनी लेकरांच्या तोंडावर हात ठेवले. आणि त्या शांततेत मांडवावरच्या कर्ण्यावरून आवाज आला :

घर्रर्र.

सगळ्यांनी वर बघितलं. दलसिंगआबा उभे राहिले. "मी सांगी ऱ्हायनू व्हतू," ते म्हणाले. "अर्थिंग."

पुन्हा आला. घर्रर्र, मग बारीक शिट्टी, मग पुन्हा घर्रर्र. महाराजांचा आवाज थांबला होता. तेवढाच एक आवाज उरला, आणि तो कर्ण्यावरून चारही दिशांना, पार म्हसावदच्या रस्त्यापर्यंत. एकाने वायर हलवली, दुसऱ्याने पंखा बघितला. तेव्हा बायकांच्या बाजूने आमच्या सौ.चा आवाज आला. मोठा नव्हता, पण मांडव ऐकतच होता.

"मशीननं नई शे ते," त्या म्हणाल्या. "ते आमना घरनं शे."

मला आठवलं. म्हणजे आठवलं नाही, आणि तेच आठवलं. रेकॉर्डची पेटी मी नेहमी पोटाशी धरून बसायचो. सव्वीस वर्षांतला सर्वांत गोड प्रसंग, देव शिदोरी उघडतोय, आणि मी, महाराजांचा पट्टशिष्य म्हणवणारा, पेटीला नाक लावून झोपलेला. दोनतीनशे माणसं माझ्याकडे वळली. कोणीतरी खुदकन हसलं, आणि हसणं मांडवाच्या कडेकडेने पेटत गेलं. मी बटणाकडे हात नेला. बंद करावं आणि कुठेतरी जावं. नवापूरकडे बरं होतं, डोंगर होते.

माझं मनगट महाराजांनी धरलं.

दुसऱ्या हाताने त्यांनी पाटी मांडीवर ओढली. खडू चालला. घोरणं चालूच होतं. मग त्यांनी पाटी वर धरली, टाळकऱ्यांना दिसेल अशी, बायकांना दिसेल अशी. दोनच शब्द होते.

'उठवू नका.'

लोकांनी ते वाचलं, आणि त्याच क्षणाला कर्ण्यावरून महाराजांचा आवाज आला, सावकाश, हसू दाबलेला : "उठवू नका त्यांना कोणी. घरी जाऊन ऐकणार आहेत ते. म्हणून तर पेटी आणलीय."

पेटीतले लोक हसले. त्यांतले काही आता नाहीत. आणि त्यांच्यावर मांडवातले लोक हसले, आणि कोण कुठलं हसतंय ते कळेना. महाराजही हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाटी त्यांनी तशीच वर धरली होती. पाटी आणि पेटी तेच दोन शब्द बोलल्या होत्या, आणि कोणी कोणाचं ऐकून नव्हे.

मग आवाज पुन्हा देवाकडे वळला आणि शिदोरी उघडली. महाराजांनी पाटी खाली ठेवली, पण माझं मनगट सोडलं नाही. हंडी फुटेपर्यंत, काला वाटेपर्यंत, धरूनच बसले.

त्या दिवशी मात्र मी शेवटपर्यंत जागा होतो. हात धरलेला असल्यावर माणूस झोपणार कसा?